शेजाऱ्याचा पेढा

सुरतेच्या बमरोलीत आम्हां मराठी माणसांची वस्ती मोठी; बरेचसे खानदेशातले. पोट सुरत भरते, पण क्रिकेटमध्ये मुंबई आणि गुजरात समोरासमोर आले की मन मुंबईकडे धावते. (वास्तविक रणजीत खानदेश महाराष्ट्राच्या संघात मोडतो, पण प्रेम नकाशा पाहत नाही.)

जानेवारी २०१७ मध्ये इंदूरच्या अंतिम सामन्यात ४१ वेळा रणजी करंडक जिंकलेल्या मुंबईला गुजरातने पाच गडी राखून हरवले. ३१२ धावांचा पाठलाग करताना पार्थिव पटेलने १४३ धावा काढल्या. गुजरातचा हा पहिलाच करंडक. अशा वेळी शेजारी पेढा घेऊन दारी आला, तर कोणत्या तोंडाने घ्यावा?

ज्या नगराचे मीठ खातो, त्याच्या पराभवाची इच्छा धरणे हा कृतघ्नपणा नव्हे काय, असे कित्येक बंधू विचारतात. आम्हांस तसे वाटत नाही. बाबेलात पाडाव करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने त्या नगराचे हित पाहण्यास व त्यासाठी प्रार्थना करण्यास सांगितले. यरुशलेम विसरा, असे सांगितले नाही. खोटा जयघोष केल्याने शेजाऱ्याचा मान राखला जात नाही, त्याची फसवणूक मात्र होते. त्याचा गडी पडताच त्याच्या दारापुढे फटाके लावणे, हे मात्र निराळे; तेथे आपल्या संघावरचे प्रेम संपलेले असते. पेढा घ्यावा, आम्ही हरलो म्हणावे, आणि पार्थिवची खेळी उत्तम होती हेही म्हणावे, कारण ती होतीच.

मुलांचा प्रश्न अधिक अवघड. सुरतेत जन्मलेली ही मुले गुजरातसाठी ओरडतात, आणि बापाच्या मनाला ते लागते. बाबेलात जन्मलेल्या लेकरांनीही यरुशलेम पाहिले नव्हते.