तेल घालणारे हात

देवाला दिवा कशाला लागतो, असं लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं त्यांना गप्प बसवतात. प्रश्न मात्र खरा आहे. ज्याच्या तेजाने सूर्य-चंद्र तळपतात असं आपण मानतो, त्याच्यापुढे पळीभर तेलाचा दिवा लावून त्याला काय दाखवणार? तिथे सूर्याचा, चंद्राचा, विजेचा प्रकाशही पुरा पडत नाही, मग अग्नीचा काय पडणार, असं कठोपनिषदातही सांगितलं आहे. म्हणजे देवाला दिव्याची गरज नाही, हे धर्मालाच मान्य आहे. मग दिवा कोणासाठी लावायचा आणि तो लावणाऱ्याकडून काय मागतो? यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला या प्रश्नाकडे पाठ फिरवता येत नाही, कारण दिव्यातली वात आमच्या काळ्या मातीत पिकते.

वाती वळण्याचं काम अजूनही बऱ्याच घरांत म्हाताऱ्या बायांकडे असतं. बोंडातला कापूस काढायचा, बोटांनी चाचपत त्यातली सरकी वेगळी करायची, कापूस पिंजून मोकळा करायचा. मग बोटांना दुधाचा हात किंवा चिमूटभर राख लावून वात वळायची. निरांजनातली फुलवात खाली गोल बुडाची आणि वर बारीक शेंड्याची, ती तुपात बसते. समईला तेलातली लांब वात लागते. चातुर्मासात कोणी लक्षवातींचा नेम धरते आणि रोज थोड्या थोड्या करत लाख वाती वळते. त्याच कापसाची कुंकू लावलेली माळवस्त्रं देवाच्या गळ्यात पडतात. शेतातल्या पहिल्या वेच्याआधी सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवायची रीत वऱ्हाडात जुनी आहे. कापूस बाजारात जाण्याआधी देवाच्या नावाने हाती घ्यायचा, हा त्यातला भाव. दिवा लावताना आपण देवापुढे ठेवतो ते आपलेच कष्ट, हा दिव्याचा पहिला अर्थ.

दुसरा अर्थ कळायला दिवा जळतो कसा ते नीट बघावं लागतं. आपल्याला वाटतं, वात जळते. खरं तर वात तेल ओढून वर आणते, उष्णतेने त्या तेलाची वाफ होते आणि पेटते ती वाफ. तेल पुरेसं असेल तोवर वातीचा नुसता शेंडा काळा पडतो, बाकीची वात भिजलेली, शाबूत राहते. तेल तळाला गेलं की मात्र वात स्वतः जळू लागते. काजळी धरते, धूर होतो, ज्योत फडफडते आणि थोड्या वेळात सगळं संपतं. म्हणून जाणती बाई ज्योतीकडे कमी आणि तेलाकडे जास्त बघते. नवरात्रात घटाशेजारचा अखंड दिवा नऊ दिवस टिकतो, तो घरातलं कोणी ना कोणी रात्री उठून तेल घालतं म्हणून. काजळी झाडायची, वात पुढे सारायची, वारा आला तर हाताचा आडोसा धरायचा. दिवा पेटवायला क्षण पुरतो, सांभाळायला माणसं लागतात. दिव्याची उपासना या सांभाळण्यातच आहे, असं मला वाटतं.

आमच्या जिल्ह्यात हे लिहिताना हात जड होतो. कोरडवाहू पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, जगणाऱ्या किती घरांत तेल संपलं आणि वात जळून गेली, हे इथल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यांत यवतमाळ होतं. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कर्ज, नापिकी, भाव, सिंचन या कारणांवर पुष्कळ लिहून झालं आहे आणि त्यांची उत्तरं शासनाकडे मागितलीच पाहिजेत. मला इथे एवढंच विचारायचं आहे की ज्याच्या शेतातल्या कापसाची वात आपल्या देवघरात जळते, त्याच्या घरी तेल आहे की नाही, हे बघणं पूजेच्या बाहेरचं कसं असेल?

जुन्या लोकांनी ते बाहेरचं मानलं नव्हतं. दख्खनच्या मध्ययुगीन शिलालेखांत देवळाच्या नंदादीपासाठी गावातल्या तेलघाण्यांनी तेल द्यावं, अशा नोंदी सापडतात. देवळातला दिवा कोणा एकाचा नव्हता, त्यात बऱ्याच घाण्यांचं तेल होतं. यवतमाळ-नागपूर रस्त्यावर कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे. रस्त्याच्या पातळीवरून पायऱ्या उतरून जमिनीच्या पोटात जावं लागतं. खाली कुंड आहे आणि गाभारा आहे. वरच्या उन्हातून उतरल्यावर डोळे स्थिरावेपर्यंत अंधार असतो, मग समईच्या उजेडात मूर्ती दिसू लागते. चिंता हरण करणाऱ्या देवाकडे चिंता घेऊनच माणूस या पायऱ्या उतरतो. पण त्या समईतलं तेल आपल्याआधी कोणीतरी येऊन घातलेलं असतं. आपलं दर्शन दुसऱ्याच्या तेलावर होतं.

दिवा जिवंत माणसालाही ओवाळायचा असतो, हे आमच्या सणांनी फार सुंदर राखलं आहे. आषाढ अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून मांडतात, कणकेचे दिवे करतात. विदर्भात त्याच दिवशी जिवतीचा कागद भिंतीला लावतात आणि आई लेकरांना ओवाळते. शेतात पऱ्हाटी अजून वीतभर, निंदण-डवरणीची धांदल, घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला. अशा दिवसांत आई देवाकडे मागते ती लेकराच्या आयुष्याची खात्री. दिवाळीच्या अमावास्येला बंजारा तांड्यांवर कुमारिका हातात दिवा घेऊन ‘मेरा’ मागायला निघतात. घराघरांपुढे जाऊन वडीलधाऱ्यांना ओवाळतात, त्या घराचं भलं चिंततात. यात कोणी आपलं दार धरून बसत नाही. दिवा हिंडतो, तांड्यातल्या माणसांपर्यंत पोचतो.

म्हणूनच एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट बोलायला हवी. ज्या हातांनी वर्षानुवर्षं तेल घातलं, त्यातले कितीतरी हात नवरा गेला की मंगल प्रसंगी मागे ओढले जातात. ओवाळणीच्या ताटापासून, हळदीकुंकवापासून, लग्नातल्या औक्षणापासून त्या बाईला दूर ठेवतात. शेतकऱ्याची आत्महत्या झालेल्या घरात तर सगळा संसार एकटी तीच ओढत असते. शेत ती करते, कर्जाचे हप्ते ती फेडते, लेकरं ती वाढवते. त्या घरात तेल घालणारी तीच आहे आणि दिवा लावायला तिचाच हात चालत नाही, असं म्हणणाऱ्याला दिवा कळलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे उद्घाटक होत्या. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सावरलेल्या बाईने मराठी सारस्वतांच्या मेळ्याचं उद्घाटन केलं, हा या जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेला मोठा धडा आहे. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ठराव कागदावरून देवघरात आला पाहिजे. जिवतीच्या दिवशी पहिलं ओवाळायला नवरा गेलेल्या बाईला बोलावलं, तरच तो आला असं म्हणता येईल.

अध्यात्म आतलं असतं, त्यात समाजकारण कशाला, असं कोणी म्हणेल. गीतेत योग्याच्या चित्ताला वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याची उपमा दिली आहे आणि ती स्थिरता मोलाची आहे यात शंका नाही. पण ज्याच्या दारात वसुलीवाला उभा आहे, त्याला वारा नसलेली जागा कुठून मिळणार? ती कोणीतरी आडोसा धरून करून द्यावी लागते. शेजारच्याच अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी आणि तुकडोजी महाराजांनी आयुष्यभर हेच केलं. एकाने हातात खराटा घेतला, भुकेल्याला अन्न दिलं आणि अडाण्याला शाळा दाखवली. दुसऱ्याने संध्याकाळी अख्ख्या गावाला एका सामुदायिक प्रार्थनेला बसवलं, त्यामुळे कोण आलं नाही हेही गावाला कळे. दोघांच्याही भक्तीत देव आणि शेजारी वेगळे पडत नाहीत.

यवतमाळच्या दुर्गोत्सवाची ख्याती मोठी आहे. रोषणाईसाठी इथली मंडळं मनापासून खपतात. त्याच मंडळांनी नवरात्रात आपल्या वस्तीतल्या प्रत्येक घरी एकदा जाऊन बसावं, असं मला कळकळीने वाटतं. वर्गणीसाठी जातोच, तसं चौकशीसाठी जावं. पीक कसं आहे, कर्ज किती थकलं, घरातला कर्ता माणूस गेल्या महिन्यात बोलेनासा झालाय का, पोरीची फी भरली का, हे विचारावं आणि जमेल तेवढा भार उचलावा. अखंड दिव्याला तेल घालायला रात्री उठणाऱ्या माणसाला हे जड जाणार नाही, कारण या कामाला लागणारी जाग त्याच्यात आधीच आहे. देवाला उजेडाची गरज नसताना त्याने दिव्याची पूजा आपल्याला नेमून दिली, ती असं जागं राहण्याची सवय लागावी म्हणूनच, अशी माझी श्रद्धा आहे. ती सवय गावाच्या कामी आली नाही, तर समईत कितीही तेल ओतलं तरी पूजा अपुरीच राहील.