खाड्याचा हिशेब

कापसाच्या वेचणीची मजुरी किलोवर ठरत असल्यामुळे केळापूर तालुक्यातील मजूर स्त्रीच्या रात्रीच्या जागरणाची नोंद दुसऱ्या दिवशी सायंकाळी शेतमालकाच्या काट्यावर आपोआप होते. लकवा झालेल्या सासऱ्याची रात्रीतून कूस पालटून देणारी, त्याचे अंथरूण बदलणारी आणि तरीही सूर्योदयाबरोबर वावरात उतरणारी सून दुपारी त्याला भरवण्यासाठी घरी येऊन गेली, तर तेवढ्या वेळाचा कापूस तिच्या ओटीत पडत नाही. काटा हा फरक अचूक दाखवतो, परंतु त्याचे कारण विचारीत नाही. शुश्रूषेचे मोल करता येत नाही, असे जे आपण मोठ्या भक्तिभावाने म्हणतो, ते या दृष्टीने खरे नाही. ते मोल रोज होते. एवढेच की, ज्याने श्रम केले त्याच्याच नावे ती रक्कम पडते.

पगारदार माणसाची गोष्ट निराळी. केळापूर हे तालुक्याचे नाव असले तरी त्याची तहसील कचेरी जवळच्या पांढरकवड्याला आहे. तेथील कारकुनाला वर्षाकाठी ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, ती ३०० दिवसांपर्यंत साठवता येते, आणि वडिलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अथवा पुढे नागपूरला न्यावे लागलेच, तर पगार निदान काही काळ त्याच्या पाठीशी उभा असतो. गुढीपाडव्याला सालाने राहिलेल्या गड्याचा मात्र त्याच कारणासाठी खाडा धरला जातो आणि त्याची रक्कम ठरलेल्या सालातून वळती होते. इस्पितळाच्या दारात ‘सोबतीला कोण आहे?’ हा प्रश्न दोघांनाही सारख्याच स्वरात विचारला जातो. त्याचे उत्तर एकाला रजेच्या अर्जाने देता येते, दुसऱ्याला मालकाकडून उचल घेऊन द्यावे लागते.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी आणि कल्याणासाठी २००७ साली केंद्राने जो अधिनियम केला, त्यान्वये उपेक्षित मातापित्यांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो आणि दरमहा १०,००० रुपयांच्या मर्यादेत निर्वाहखर्च मिळवता येतो. या कायद्याची आवश्यकता मी नाकारीत नाही. परंतु अपत्याचे कर्तव्य म्हणजे दरमहा पोचती करावयाची रक्कम, अशी जी त्याची मूळ धारणा, ती ज्या घरात पैसा सर्वांत दुर्मिळ आणि देहाचे श्रम हेच एकमेव भांडवल, त्या घराला लागू पडत नाही. त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी की, या अधिनियमातील ‘अपत्य’ या संज्ञेत मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांचा समावेश आहे, सुनेचा नाही. म्हणजे जिच्यावर कायद्याने कोणतेच दायित्व टाकलेले नाही, तीच बहुधा सर्व दायित्व वाहते, आणि ज्याच्यावर ते टाकले आहे तो पुण्याहून अथवा हैदराबादेहून महिन्याला रक्कम पाठवून निश्चिंत असतो. विवाहित मुलीवरही पित्याच्या पोषणाची जबाबदारी आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली कल्याणच्या एका डॉक्टर कन्येच्या प्रकरणात दिला होता, हे आपल्या समाजाने सोयीस्करपणे विस्मृतीत टाकले आहे.

याच अधिनियमाचे २३ वे कलम मात्र मला फार विचारप्रवर्तक वाटते. आपला सांभाळ करावा या अटीवर वृद्धाने कोणाला जमीन अथवा घर बक्षीस करून दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. सांभाळ हा केवळ स्नेहाचा उद्गार नसून ज्याच्या मोबदल्यात शेत देता येते असे मूल्य आहे, ही कबुली खुद्द कायद्याने येथे दिलेली आहे. मग ज्या बापाच्या नावे सातबारा नाही, त्याची काळजी वाहणाऱ्या भूमिहीनाचे श्रम तेवढे मूल्यहीन कसे?

राज्य शासन अशा वृद्धाला श्रावणबाळ योजनेखाली २०२३ पासून दरमहा १५०० रुपये देते. परंतु त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १७५० रुपयांच्या आत, असल्याचा दाखला लागतो. ज्या घरात एक जण जरी नियमित मजुरीस जात असेल, त्या घराने हा दाखला सत्याला न दुखवता कसा मिळवावा, हे दाखला देणाऱ्यांनाही सांगता येईल असे वाटत नाही.

आपल्याकडे त्यागाचे कौतुक फार, कारण कौतुक करणाऱ्याला त्यासाठी काही खर्च येत नाही. आईसाठी काम सोडणाऱ्याची गावभर वाहवा होते. पण मजुरी थांबली की औषधही थांबते, बैलजोडी विकली की पुढचा खरीप परक्याच्या हाती जातो, आणि सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या म्हातारपणाची तरतूद त्याच वेळी संपून जाते. म्हणून काम सोडण्यापेक्षा काम वाटून घेणे हे अधिक कष्टाचे, कमी कौतुकाचे आणि निःसंशय अधिक शहाणपणाचे आहे. रक्कम पाठवणाऱ्या भावाने घरी राहणाऱ्याचा प्रत्येक बुडालेला दिवस मजुरीच्या दराने मांडावा आणि मग कोणाचा हिस्सा मोठा ते पाहावे. हा हिशेब म्हातारा ऐकू शकतो तोवर, त्याच्यासमक्ष व्हावा. मागाहून तो वारसांच्या भांडणात, अधिक कडवट भाषेत, होतोच. भारत सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत शुश्रूषा व संगोपन करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले. घरकामाची २९९ आणि ९७ मिनिटे याखेरीज. भावांची वाटणी होईल तेव्हा भावजयीची ही मिनिटे कोणाच्या खाती जमा धरावयाची, हेही त्याच बैठकीत ठरावे.

जपानने २००० सालापासून वृद्धांच्या शुश्रूषेचा विमा अमलात आणला आणि नोकरदाराला आप्ताच्या सेवेसाठी एकूण ९३ दिवसांची रजा दिली. तेवढी संपन्नता आपल्याजवळ नाही. पण महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा अधिनियम करून देशाला एक वाट दाखवली होती, आणि त्या वाटेने आलेल्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात अशी तरतूद करण्यात आली की, कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली असतील तर एका मजूर स्त्रीला त्यांना सांभाळण्यास नेमावे आणि तिलाही मजुरी द्यावी. मुले सांभाळणे हे हजेरीपटावर चढणारे काम असेल, तर एका वस्तीतील अथवा कोलाम पोडावरील पाच अंथरुणाला खिळलेली माणसे सांभाळणे हेही तसेच काम आहे. केळापूर तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेने असा ठराव करून तहसील कचेरीकडे धाडावा. तो नामंजूर झाला, तरी मागणीची नोंद दफ्तरी राहील आणि पुढच्या गावाला तिचा आधार घेता येईल.