दुरून दिसणारी वसई

१२ एप्रिल २०२०, पुनरुत्थानाचा रविवार. टाळेबंदीमुळे चर्चची दारे बंद होती. मलकापुरात एकट्यानेच मिस्सा अर्पण करून आम्ही पडद्यावर वसईच्या एका वेदीवरील मिस्सा थेट पाहिली. ज्योत हललेली दिसली, रिकामी बाकेही दिसली. वसईत जन्मलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या एका आजींनी ‘माझ्या बाप्तिस्म्याची वेदी पाहिली’ असे फोनवर रडत सांगितले, तेव्हा या यंत्राला नावे ठेवण्याचे आमचे धैर्य झाले नाही.

तरीही आम्ही तेथे होतो काय? आम्ही वसई पाहिली. वसईने आम्हांला पाहिले नाही. मध्येच उठून गेलो असतो, तरी कोणाची मान वळली नसती.

आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाईजवळच्या मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर वसईची एक घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा अशाच ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. या घंटेला हात लावता येतो. पण ज्यांना ती मिस्सेसाठी हाक मारी, ते कोणीच तेथे नाहीत. पडद्यावर नेमके उलटे घडले.

दारे केव्हाच उघडली. काही कुटुंबे अद्याप पडद्यासमोरच रविवार पाळतात. आजींचे ठीक आहे. इतरांची बाकावरील रिकामी जागा मात्र वेदीशी उभे राहिले की आम्हांला स्पष्ट दिसते.