पाण्यात काय मिसळले ते सांगा

1996 साली तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी पाण्यात वनस्पती उकळून इंधन काढल्याचा दावा केला आणि देश हरखून गेला. सूत्र गुप्तच राहिले. 2016 साली न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल शिक्षा सुनावली. पाण्यावर धावणाऱ्या गाडीची बातमी अजूनही आपल्याला गोडच लागते.

पाण्याच्या एका खऱ्या कामाकडे मात्र आपले लक्ष नाही. लिथियम-आयन बॅटरीतला नेहमीचा द्रव ज्वालाग्राही असतो. त्याजागी पाणी वापरले तर आगीचा धोका बराच घटतो. 1994 साली कॅनडात जेफ डान आणि सहकाऱ्यांनी अशी बॅटरी करून दाखवली. अडचण अशी की, 1.23 व्होल्टच्या पुढे पाणी फुटते. त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊ लागतो. म्हणून त्याला आवरणारे काहीतरी मिसळावे लागते. 2015 साली अमेरिकेत चुनशेंग वांग, कांग शू आदींनी लिथियमचा एक क्षार इतका मिसळला की किलोभर पाण्यात तो सहा किलो झाला! मोकळे पाणी जवळपास उरलेच नाही, ऋण अग्रावर लिथियम फ्लोराइडचा संरक्षक थर बसला आणि मर्यादा सुमारे 3 व्होल्टपर्यंत गेली.

‘म्हणजे हीही पाण्यात टाकायची पुडीच की!’ असे कोणी म्हणेल. पुडीच आहे, पण तिच्यावर नाव आहे, वजन आहे, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेला ती खोटी ठरवण्याची मुभा आहे. हा क्षार महाग आहे, फ्लोरिनयुक्त आहे; तेव्हा नुसते ‘पाणी’ म्हणून या मिश्रणाला पर्यावरणस्नेही ठरवणे हीसुद्धा भोंदूगिरीच, फक्त इंग्रजी शिकलेली.

‘आम्हा सामान्यांना यातले काय कळणार?’ हा दुसरा आक्षेप मला विनयाचा वाटत नाही, सोयीचा वाटतो. नव्या ई-स्कूटरला लिंबू-मिरची बांधणारा सुशिक्षित माणूस बॅटरी कोणत्या रसायनाची, हे विक्रेत्याला विचारत नाही. कर्जाचा व्याजदर मात्र दशांशापर्यंत विचारतो. म्हणजे बुद्धी आहे. ती कुठे वापरायची नाही, हे ठरलेले आहे.

2020 साली हाँगकाँगच्या संशोधकांनी महागडा क्षार बराच कमी करून पॉलिथिलीन ग्लायकॉल हे मलमांतही वापरले जाणारे द्रव्य घेतले. त्यांच्या मिश्रणाच्या द्रावकात हे द्रव्य 94 टक्के आणि पाणी 6 टक्के. मग याला पाण्याची बॅटरी म्हणायचे कसे? शंका रास्त आहे, आणि ती घ्यायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. आकडे त्यांनीच छापले होते.