भेदराचं रोप आणि मधुमालती



आजचा श्लोक गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला, ३५वा. स्वधर्माचा. दुसऱ्याचं काम कितीही छान करता येत असलं तरी आपलं स्वतःचं, थोडं उणं असलेलं कामच बरं, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. या श्लोकावर मी दिवाळीतही लिहिलं होतं. तुमच्यातल्या काहींना त्यासोबतचा फोटोही आठवत असेल. आज परत तोच श्लोक घेतोय, कारण तेव्हा लिहिलेलं मला मागे घ्यायचंय.

आमचं घर सावनेरला. नागपूरहून छिंदवाडा रस्त्याने तासाभरावर. फाटकावर मधुमालतीचा वेल आहे, आईने लावलेला. आई जाऊन पाच वर्षं झाली आणि वेल मात्र फाटक, कंपाउंडची भिंत, वरची लोखंडी कमान सगळं गिळून बसलाय. मधुमालतीची गंमत माहितीये ना? फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग लाल. एकाच घोसात तिन्ही रंग. रात्री वास असा की फाटकाशी गाडी लावताना दिवसभराचा शीण उतरतो. आजी रोज सकाळी यातलीच ओंजळभर फुलं देवाला वाहते.

आणि त्याच वेलाखाली, रंगाच्या रिकाम्या बादलीत, ताईने टोमॅटोचं रोप लावलं होतं. आमच्याकडे त्याला भेदरं म्हणतात. (पुण्यात मी हा शब्द वापरला की मित्र हसतात. हसू देत.) दिवाळीत मी गेलो तेव्हा ते रोप वीतभर उंच, काडीसारखं बारीक, एका बाजूला कललेलं. फूल एक नाही.

मी फोटो काढला. वर रंगांचा धबधबा, खाली ते बिचारं रोप. आणि रात्री बसून लिहिलं : वेलाचा धर्म फुलण्याचा, रोपाचा धर्म धीराने वाट पाहण्याचा. वेलाने फळाचा हेवा करू नये, रोपाने फुलांचा. ज्याला जे दिलंय ते त्याने आनंदाने करावं. तुम्हाला ते आवडलं. मलाही आवडलं, खरं सांगतो. दोन दिवस फोन हातातून सुटला नाही.

काही जणांनी तेव्हा लिहिलं होतं की शेवटी रोपच श्रेष्ठ, कारण ते पोट भरतं, वेल नुसता शोभेचा. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. उपयोग हेच माप लावलं तर आपल्यातले निम्मे लोक उद्याच बाद होतील, आणि माझी ८४ वर्षांची आजी तर सगळ्यात आधी. नवव्या अध्यायातल्या २६व्या श्लोकात भगवंत पान, फूल, फळ, पाणी यांतलं काहीही भक्तीने दिलं तर घेतो म्हणतात. तिथे फळाला वरचा नंबर नाही. आमच्या घरी देवाला भेदरं कुणी वाहत नाही ही वेगळी गोष्ट. पण सावता महाराजांना विचाराल तर ते म्हणतील, वाहायला कशाला पाहिजे, तोच आहे ना तिथे. अरणच्या मळ्यात कांदा, मुळा, लसूण, कोथिंबीर यांतच त्यांना विठ्ठल दिसला, आणि मळा सोडून ते पंढरपूरला गेले नाहीत अशी परंपरा सांगते. टोमॅटो त्या यादीत नाही, कारण तो पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आला आणि महाराज तेराव्या शतकातले. असता तर सुटला नसता.

तर, मूळ मुद्दा. माझा तो लेख ताईने आजीला वाचून दाखवला. आजीने पूर्ण ऐकला आणि म्हणाली, "अरे पण त्याले ऊनच नाही भेटत, मंग ते फुलीन कसं?"

बस, एवढंच.

टोमॅटोला दिवसाचं निदान सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत ते उजेडाच्या शोधात नुसतं लांबत जातं, खोड बारीक राहतं, कळी आली तरी गळते. मी ज्याला धीर म्हटलं होतं ती उपासमार होती. माझ्या फोटोत ती सावली स्पष्ट दिसते. मीच तर फोटोतला उजेड-अंधार जमवून घेतला होता.

ताई काहीच बोलली नाही. तिने बादली उचलली, जिन्याने वर नेली आणि गच्चीवर ठेवली. खाली आल्यावर हात धूत म्हणाली, "आणि एक सांगते, लेख छान आहे. पण मले भेदरं म्हणू नको."

मी म्हटलं, मी तुझ्याबद्दल कुठे लिहिलंय? तिने फक्त पाहिलं माझ्याकडे.

आता हे लिहायला जड जातंय. आजी दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. बाबा कोळशाच्या खाणीत, शिफ्टची ड्युटी. तेव्हा ताईचं नागपूरला बी.एड. करायचं ठरत होतं. ते राहिलं. "राहिलं" असंच आम्ही म्हणतो घरात, जणू काही ते आपोआप राहिलं. मी पुण्यात नोकरी, कीर्तनाचा क्लास आणि हे रोजचं लिखाण सांभाळत दर महिन्याला पैसे पाठवत होतो. आणि मनातल्या मनात मी हाच श्लोक धरून बसलो होतो : तिचा धर्म सेवेचा, माझा धर्म हा. दिवाळीचा लेख रोपाबद्दल नव्हताच. मी माझी समजूत काढत होतो आणि त्यासाठी गीता वापरत होतो.

परत जाऊन ज्ञानेश्वरी उघडली. या श्लोकावर माउली एक दाखला देतात : दुसऱ्यांचे चुना लावलेले शुभ्र वाडे पाहून आपली गवताची झोपडी मोडायची का? मी हा दाखला कितीदा वापरलाय. पण या वेळी एक प्रश्न अडकला. हे बोलायचं कुणी? झोपडीत राहणाऱ्याने स्वतःशी म्हटलं तर त्यात समाधान आहे, स्वाभिमान आहे. तेच वाक्य वाड्याच्या गच्चीतून खाली झोपडीवाल्याला ऐकवलं तर? शब्द तेच, पण आता ती दटावणी झाली. अर्जुनाला भगवंत सांगतात, कारण अर्जुन स्वतःचं काम टाकून पळायला निघाला होता. अर्जुनाने हा श्लोक घेऊन दुसऱ्या कुणाला गप्प बसवलेलं नाही. स्वधर्म कोणता ते ज्याने त्याने पाहायचं. मी ताईचा ठरवून टाकला, तिला न विचारता, आणि ठरवला तोही माझ्या सोयीचा.

अजून एक. मी वेल आणि रोप अशा दोन जाती करून टाकल्या होत्या, जणू एकाने चढायचं आणि दुसऱ्याने खाली राहायचं हे जन्मतःच ठरलंय. पण टोमॅटोच्या कितीतरी जाती वेलासारख्याच वाढत राहतात. म्हणून तर शेतकरी बांबू रोवून, तार ओढून, सुतळीने बांधणी करतात. आणि माउलींचा तो मोगऱ्याचा अभंग आठवा. त्यातलं दारात लावलेलं लहानसं रोप आणि आभाळाला पोहोचलेला वेल ही दोन झाडं नाहीत, एकच आहे.

सावनेरच्या शाळेत आम्हाला दर जानेवारीत राम गणेश गडकरींबद्दल सांगायचे. २३ जानेवारी १९१९ ला ते सावनेरलाच गेले, आजारपणात भावाकडे आले असताना. वय ३३. शेवटच्या दिवसांत त्यांनी ‘भावबंधन’ पूर्ण केलं, ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं. लहानपणी मला याचा भारी अभिमान वाटायचा. या वर्षी मला ३३ वं लागलं, आणि २३ तारखेला पहिल्यांदाच भलतंच डोक्यात आलं : त्या घरात त्यांना औषध-पाणी कोण देत होतं? दिवा कोण लावत होतं, रात्री कोण जागत होतं? शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. गडकरींचं मोठेपण यात एका रेघेनेही कमी होत नाही. पण प्रत्येक फुललेल्या वेलाखाली आता मी बादली शोधतो.

वेलाची चूक काय, असं कुणी विचारेल. काहीच नाही. वेल वाढतो, त्याला दुसरं काय येतं? पण मी वेल नाही. माझी सावली कुणावर पडतेय हे मला पाहता येतं, तेवढा फरक आहे.

हे मी सावनेरहूनच लिहितोय. ऑफिसला तीन महिने घरून काम करू द्या म्हणून विचारलं होतं. एकच महिना मिळाला, पुढचं पुढे. ताईने बी.एड.च्या सीईटीची तयारी परत सुरू केलीय. दुपारी पुस्तकं घेऊन गच्चीवर जाते, उन्हात. मी विचारलं होतं तिला, तुला खरंच करायचंय ना अजून? ती म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलंस." मग थोड्या वेळाने, "माहीत नाही. पण फॉर्म तर भरतो."

रविवारी मी मधुमालती छाटली. जुन्या फांद्यांना काटे असतात हे मला माहीत नव्हतं, दोन्ही हात ओरबाडले. ताई खालून ओरडत होती, सगळी कापू नको, आजीले फुलं लागतात. अर्धी ठेवली. अंगणात आता नऊ वाजताच ऊन येतं.

गच्चीवरच्या रोपाला आज मोजली तर सात भेदरं आहेत, दोन पिकायला आलीत. काठी थोडी तिरकी बांधली गेलीय, ती माझी. आजीची सातची गोळी द्यायची वेळ झाली. काल मी विसरलो होतो, तिनेच आठवण करून दिली.