मले काय शिकोलं?

पोळा झाला की रिसोडच्या बाजार समितीत मुगाची आणि उडदाची पोती यायला लागतात. सोयाबीन अजून शेतात उभं असतं, तुरीला तर संक्रांतीपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून खरिपाचा पहिला पैसा घरात येतो तो या दोन पिकांचा. पण नेमका याच दिवसांत पाऊस झोडपतो, शेंगा झाडावर भिजतात आणि पोत्यात भरलेल्या उडदात थोडं पाणी राहून जातं. ते पाणी या गोष्टीत पुढे येणार आहे.

गोष्ट रिसोडच्या एका बचत गटाची. गट आणि त्यातल्या बाया गोष्टीतल्या आहेत. अकरा जणी, भाड्याच्या दोन खोल्या, एक पत्र्याची शेड आणि उडदाचे पापड. उडीद बाजारातून घ्यायचा, डाळ मिलवर डाळ करून आणायची, चक्कीवर दळायची, आणि तिथून पुढे सगळं मोठीमायच्या हातात.

मोठीमाय साठीला टेकलेली. पीठ भिजवायचं काम तिचं एकटीचं. पाणी उकळून त्यात मीठ आणि पापडखार घालायचा, पाणी गार करायचं, पिठात मिरी, जिरं, हिंग मिसळायचं आणि मग हात घालायचा. खार जास्त झाला तर पापड तळताना लाल पडतो आणि जिभेला चरचरतो, कमी झाला तर फुलत नाही. पाणी किती घालायचं हे रोज वेगळं असतं. डाळ नवी की जुनी, दळण बारीक की भरड, हवा कोरडी की दमट, यावर ते ठरतं. मोठीमाय पिठाची मूठ दाबायची, सोडायची आणि तांब्या उचलायची. तिचं माप कधी चुकलं नाही. दर महिन्याच्या बैठकीत रजिस्टर समोर आलं की हीच मोठीमाय अंगठा पुढे करायची.

अकोल्याच्या एका व्यापाऱ्याकडून मोठी मागणी आली आणि अडचण उभी राहिली. दिवसाला एक घाणा पुरेना, दोन लागणार होते, आणि भिजवणारी एकच. बैठक बसली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मोठीमाय, तुमी नव्या सुनेले माप दाखवा. बारावी झाली हाय थे, वहीत लिहून घेईन. उद्या तुमाले बरं नसलं तर काम बंद पडाले नको."

मोठीमायने सरळ नाही म्हटलं.

खोलीत गलका झाला. संस्थेचं भलं दिसत नाही काय, मरताना सोबत नेणार काय, असं बरंच बोलणं झालं. मोठीमायने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तीन खेपा ट्रेनिंगले वाशीमले जाचं झालं. तिन्ही खेपा सचिवबाई गेल्या. काहून? त्यायले लिवता-वाचता येते म्हनून. मले नेलं नाई, काहून? मले येत नाई म्हनून. ज्याले येते त्यालेच तुमी अजून शिकोता. आन माह्याजवळ जे हाय थे मांगता. मांगा, माही ना नाई. पन गटानं मले काय शिकोलं, थे सांगा आधी."

त्या दिवशी कुणी उत्तर दिलं नाही.

मला मोठीमायचं म्हणणं हट्ट वाटत नाही. लहान गट असो की हजारो माणसांचा कारखाना, शिकण्याची संधी बहुतेक ठिकाणी वरून खाली झिरपते आणि मध्येच आटते. साहेबाला परगावी परिषदेला पाठवतात, सुपरवायझरला दोन दिवसांची कार्यशाळा मिळते, आणि पीठ मळणाऱ्या हाताला मिळते ती फक्त सूचना: हातमोजे घाला, टोपी घाला. खाद्यपदार्थाच्या धंद्यात तर हे फारच महागात पडतं, कारण माल बिघडायला लागला की पहिल्यांदा कळतं ते त्याच हाताला.

याच पापडाच्या धंद्यातून आपल्याकडे एक संस्था वेगळ्या वाटेने मोठी झाली. 15 मार्च 1959 ला गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी पापड लाटायला घेतले. भांडवल 80 रुपये, तेही उसने. छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी ते दिले आणि सोबत एक आग्रह धरला: हिशेब चोख ठेवा, आणि हलक्या प्रतीचा स्वस्त पापड काढू नका. म्हणजे भांडवलाबरोबर त्या बायांना वही मिळाली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी बाजेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली, आणि पावसाळ्यातही काम सुरू राहिलं. कुणी तज्ज्ञ येऊन सांगून गेला नव्हता. अडलेल्या बायांनी स्वतः शोधलेली ती युक्ती होती. ते 'लिज्जत'. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

लिज्जतमध्ये आज 45 हजारांच्या आसपास बहिणी आहेत, आणि पापड लाटणारी बाईच संस्थेची मालकीण असते. ज्योती नाईक पापड लाटतच तिथे आल्या आणि पुढे अध्यक्ष झाल्या. बहिणींच्या मुलींना छगनबाप्पांच्या नावाने शिष्यवृत्ती मिळू लागली. पण मला त्याहून मोठी वाटते ती 18 जून 1999 ची गोष्ट. त्या दिवशी गिरगावात बहिणींसाठी साक्षरतेचा वर्ग सुरू झाला. धंदा चाळीस वर्षांचा झाला होता, नाव देशभर पोचलं होतं. लाटणाऱ्या बाईला अक्षर आलं नसतं तरी पापड विकला गेलाच असता. तरीही वर्ग काढला. मालकीण म्हणवायचं तर तिला तिच्या संस्थेची वही वाचता आली पाहिजे, एवढं साधं ते आहे.

रिसोडच्या गटात ही हकीकत आणली ती सीआरपीताईने, म्हणजे बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या कार्यकर्तीने. बैठकीचं भांडण तिच्या कानावर गेलं होतं. तिने मोठीमायला समजावायचा प्रयत्न केला नाही, अध्यक्षबाईंना लिज्जतचं सांगितलं. वर हेही सांगितलं की नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या कुणालाही शिकता येतं, वरची मर्यादा नाही, आणि शिकवायला पगारी मास्तर लागत नाही, गावातलं कुणीही स्वयंसेवक होऊ शकतं. अध्यक्षबाई रात्रभर विचार करत राहिल्या असाव्यात. सकाळी त्या स्वतः मोठीमायच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "सून तुमाले वाचाले शिकोईन. तुमी तिले भिजवाले शिकवा. दोन्ही कामाच्या येळातच, घरी जाऊन नाई."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं होतं. घरी गेलेल्या बाईला शिकायला वेळ नसतो, हे अध्यक्षबाईंना ठाऊक होतं.

पीठ कुटून झालं की ते थोडा वेळ झाकून ठेवतात. तोच वर्गाचा वेळ ठरला. सुनेने पहिल्या दिवशी अंकलिपी आणली. मोठीमायने चार पानं उलटली आणि बाजूला ठेवली. मग सुनेने पोत्यावर खडूने 'उडीद' लिहिलं. उ, ड, द. दुसऱ्या दिवशी 'मीठ', मग 'खार', मग डब्यावरचं 'हिंग'. आकडे काट्यावरून शिकली, कारण काटा रोज समोर होता. महिन्याभरात ती पाकिटावरची तारीख वाचू लागली. स्वतःचं नाव तिने फार उशिरा लिहिलं. घाई नव्हती तिला, आधी कामाचे शब्द हवे होते.

इकडे सुनेचं शिकणं सोपं गेलं नाही. तिला वाटलं होतं, एका किलोला इतकं पाणी, एवढं लिहून घेतलं की झालं. पहिले दोन घाणे बिघडले, एक चिरला, एक लाटताना चिकटला. मोठीमाय रागावली नाही. "आकडा शेवटी लिव," म्हणाली, "आधी मूठ दाब." सुनेने मग एक वही केली. तारीख, उडीद कुणाकडचा, हवा कशी, पाणी किती गेलं, घाणा कसा झाला. रोज एक ओळ. सुरुवातीला ती लिहायची आणि मोठीमाय बघायची. दिवाळीनंतर मोठीमाय स्वतः एकेक आकडा भरू लागली.

आणि मग एक दिवस तीच वही मांडीवर घेऊन मोठीमाय बराच वेळ बसून राहिली. पानं मागे-पुढे करत होती. एका अडत्याकडच्या उडदाच्या प्रत्येक घाण्याला पाणी कमी गेलं होतं. एखाद्या दिवशी नव्हे, दर वेळी. हाताला त्या त्या दिवसाचं पीठ कळत होतं, पण चार महिन्यांचं पीठ एकदम समोर मांडून दाखवणं हाताला शक्य नव्हतं, ते वहीने केलं. पीठ पाणी कमी पितं म्हणजे उडदात पाणी आधीच आहे. म्हणजे गट उडदाच्या भावाने पाणी विकत घेत होता, आणि किलोमागे पापड कमी निघत होते.

"सोयाबीन इकाले नेलं का मॉइश्चर पाह्यतेत," ती अध्यक्षबाईंना म्हणाली. "आपन उडीद घेतो तवा काहून नाई पाहत?"

रिसोडमध्ये हा प्रश्न समजवावा लागत नाही. सोयाबीनच्या हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची अट 12 टक्क्यांची असते. 2024 च्या हंगामात ती 15 टक्क्यांपर्यंत सैल झाली, तोवर घरोघर याचीच चर्चा होती. मॉइश्चर हा शब्द इथल्या शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ आहे. पण तो आपल्या खरेदीला लावायचं अकरा जणींतल्या कुणालाही सुचलं नव्हतं, तीनदा प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या सचिवबाईंनासुद्धा नाही.

दोघी वही घेऊन अडत्याकडे गेल्या. त्याने आधी हात झटकले. मोठीमायने वही उघडली, तारखांवर बोट ठेवून ओळी वाचल्या. अडखळत वाचल्या, पण वाचल्या. शेवटी ठरलं की पुढचा माल मॉइश्चर तपासून घ्यायचा आणि ओलावा जास्त निघाला तर भाव त्या प्रमाणात कमी. मागचे पैसे काही परत मिळाले नाहीत.

फेब्रुवारीत वाशीमला पुन्हा प्रशिक्षण निघालं. खाद्यपदार्थाचं पॅकिंग आणि साठवण असा विषय होता. सचिवबाईंनी स्वतःहून मोठीमायचं नाव पुढे केलं. मोठीमायने अट घातली: दोन जणी जातील, आणि दुसरी पॅकिंगवर बसणारी बाई असेल. पॅकिंग तीच करते, तर ऐकायलाही तीच पाहिजे.

पॅकिंगवाली घाबरली. "मले काय समजते तिथं? मी तं अंगठेवाली."

"मलेबी सगळं समजन असं नाई," मोठीमाय म्हणाली. "जे नाई समजन थे इचारू. दोघी असल्या का इचाराले भेव लागत नाई."

सचिवबाईंनी दोन्ही नावं लिहिली आणि पुढच्या खेपेला कुणाची पाळी, तेही त्याच कागदावर विचारून घेतलं. अकरा नावांची यादी झाली. सचिवबाईंचं नाव शेवटी होतं, आणि ते त्यांनी स्वतः लिहिलं होतं.