चौल-रेवदंडा : तट आणि वाडी

अलिबागहून मुरूडला जाणारा रस्ता आक्षी, नागाव, चौल मागे टाकून रेवदंड्यात शिरतो तो थेट किल्ल्याच्या तटातून. आपण किल्ल्यात आलो हे नवख्या माणसाला चटकन उमगत नाही. आत घरं आहेत आणि जिकडेतिकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. माडांच्या गर्दीतून एखादी पोर्तुगीज कमान डोकावते, सातखणी मनोऱ्याचे उरलेसुरले मजले वर दिसतात, पडक्या भिंतीला टेकून कुणी झावळ्या रचलेल्या असतात. ज्या तटाने दोनशेहून अधिक वर्षं गावाला बाहेर ठेवलं, त्याच्या आत आज गावच नांदतं आहे.

चौलचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. दोन हजार वर्षांचं बंदर, मग वैभव, मग लढाया, मग ऱ्हास. १७४०पाशी गोष्ट संपते. मला ही रीत अपुरी वाटते. या गावात माणसं सतत बाहेरून येत राहिली. त्यांतली कोण रुजली, कोण निघून गेली आणि का, हा प्रश्न मला वैभवाच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो. अलिबाग तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांपुढे आज तोच प्रश्न पुन्हा उभा आहे.

बंदर इथेच का झालं, ते जागेवर उभं राहिलं की कळतं. रोह्यावरून येणारी कुंडलिका इथे समुद्राला मिळते. मुखाशी उत्तरेला रेवदंडा, त्याच्या आतल्या अंगाला चौल, आणि दक्षिणेकडून कोर्लईचा डोंगर समुद्रात घुसलेला. खाडीत गलबतांना आसरा, पाठीमागे घाटावर चढणाऱ्या वाटा. टॉलेमीने या बंदराची नोंद केली, पेरिप्लसमध्ये ते कल्याणनंतर येतं, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये इथले रहिवासी आहेत.

९१६च्या सुमारास अल मसुदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसुदी लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांच्यापैकीच एका प्रतिष्ठित माणसाला राजा त्यांचा प्रमुख नेमत असे. त्याला हुनरमन म्हणत, आणि आपल्या लोकांचे तंटे तो सोडवत असे. परक्यांना जागा होती, त्यांच्या धर्माला मोकळीक होती, आणि त्यांच्या वतीने राजाला जबाबदार असा एक माणूसही होता. हजार वर्षांपूर्वीच्या कोकणात ही व्यवस्था होती, हे आपल्या शाळांत का शिकवत नाहीत, मला समजत नाही. पुढे १४६९च्या आसपास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथे उतरला आणि जुन्नरच्या वाटेला लागला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

पण खरा धडा बेने इस्राएली ज्यूंचा आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरलं, अशी त्यांची परंपरा सांगते. हे केव्हा घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यांनी पुढे काय केलं हे मात्र ठाऊक आहे: घाणा घातला. जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या गावागावांत ते तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावाला त्यांचा धर्म कळला तो असा, तेल कोणत्या दिवशी मिळत नाही त्यावरून. त्यांनी गावांची नावं घेतली. रोहेकर, पेणकर, नवगावकर, चेऊलकर झाले. मराठी बोलले, मराठीत कीर्तनं केली. त्यांचा मलिदा पाहावा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वर फळं. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मांडलेल्या त्या ताटातला पोह्याचा दाणा इथल्या शेतातला आणि नारळ इथल्या वाडीतला. १९४८नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली. रेवदंड्याचं बेथ एल सिनेगॉग अजून उभं आहे, आणि तिकडे गेलेल्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

पोर्तुगीज आले ते वेगळ्या हिशेबाने. १५०८मध्ये इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराशी त्यांची इथे गाठ पडली आणि व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. १५२१मध्ये निजामशाहाची परवानगी मिळवून त्यांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. आत चर्च, मठ, वाडे. बाहेर वरच्या चौलात रेशीम विणणारे, व्यापारी, कारागीर. समुद्रावर कुणी जायचं हे त्यांचा परवाना ठरवी. १५७०-७१मध्ये मुर्तजा निजामशाहाने घातलेला वेढा त्यांनी परतवला, १५९४मध्ये कोर्लईही घेतली. तट बळकट होता, यात शंका नाही. पण वसई मराठ्यांच्या हाती पडल्यावर १७४०मध्ये तह झाला आणि ते गेले. जहाजांतून जे नेता आलं ते नेलं, दगड राहिले.

तेवढेच राहिले असं नव्हे. मालकांबरोबर ज्यांना जाता आलं नाही किंवा जावंसं वाटलं नाही ते शिपाई, नोकर, शेतकरी, इथल्याच बायकांशी संसार मांडलेले ख्रिस्ती लोक कोर्लईच्या पायथ्याशी राहिले. त्यांच्या घरात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली बोली आजही ऐकू येते. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थना मराठी, तरी चुलीजवळची भाषा ती. बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील. किल्ल्यातल्या सरदारांचं इथे काही उरलं नाही. उरलं ते जमीन कसणाऱ्यांचं.

बंदर गेल्यावर चौल-रेवदंड्याने काय केलं? मुंबई वाढली, व्यापार तिकडे वळला, विणकर गेले. राहिलेल्यांनी वाड्या केल्या. अष्टागर म्हणतात ती इथल्या किनाऱ्याची जी हिरवी पट्टी आपण सुट्टीत डोळे भरून पाहतो, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिंपण्याने टिकली आहे. माळी, भंडारी, ब्राह्मण, मुसलमान, सगळ्यांचे हात तिला लागले आहेत. प्रत्येक वाडीत विहीर, विहिरीवर रहाट, रहाटाला जुंपलेला रेडा. लोटे भरून वर यायचे, पन्हळीत ओतायचे, आणि पाणी पाटाने आळ्यांत जायचं. आता पंप आहेत, पण पाट अजून तसेच खोदतात. सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणून वाडी करणारा माणूस घाईचा नसतो.

या वाड्यांचं पाणी नाजूक आहे. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या सायीसारखं पसरून राहतं. रहाट जेवढं उपसे तेवढं पाऊस भरून काढी. खोल बोअर मारून रात्रंदिवस उपसा केला की खारं पाणी वर सरकतं, आणि ते कुणाच्या कुंपणापाशी थांबत नाही. एकाने जलतरण तलाव भरला तर शेजारच्याच्या पोफळीची पानं करपतात.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने वाड्याच्या वाड्या आडव्या केल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली होती. मुंबईची मोटार आता तासाभरात समुद्र ओलांडते. पडलेली वाडी पुन्हा लावून सहा-सात वर्षं वाट पाहायची, की आलेल्या गिऱ्हाइकाला जमीन देऊन टाकायची? मुलं मुंबई-पनवेलला, कर्ज डोक्यावर. विकणाऱ्याला मी बोल लावणार नाही. पण विकलेल्या वाडीभोवती पुरुषभर उंच भिंत येते, आत बंगला, आणि कालचा मालक तिथे आज रखवालदार म्हणून उभा असतो, हे पाहून पोटात तुटतं.

बाहेरून माणसं येण्याला माझा विरोध नाही. चौल घडलंच त्यातून. पण घाणा घालणारा आला तेव्हा गावाला तेल मिळालं. शनिवार-रविवार भिंतीआड राहून जाणाऱ्याकडून गावाला काय मिळतं? घरपट्टी मिळते, रोजगार मिळतो, हे खरं. पण गावाशी त्याचं देणंघेणं तेवढ्यावरच थांबतं. कायद्याने ग्रामसभा मतदारांची. बंगलेवाल्याचं मत मुंबईत, म्हणून ग्रामसभेत तो नसतो. आणि बोअर मात्र इथल्या पाण्यात असते.

झंझ राजाने परक्यांना जागा दिली तशी जबाबदारीही दिली होती. ग्रामपंचायतींना तेवढं नक्की करता येईल. महाराष्ट्रात भूजलाचा कायदा २००९चा आहे. त्याचा आधार घेऊन किनाऱ्यालगत नव्या बोअरवर मर्यादा मागावी, प्रत्येक विहिरीचं पाणी उन्हाळ्यात तपासून खारटपणाची नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, आणि वर्षातून एकदा, दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर पाच दिवस यात्रा भरते तेव्हा, सगळ्या बंगलेवाल्यांना बोलावून तो फळा दाखवावा. वाड्या कुणाच्या नावावर आहेत यावर वाद नको. त्या बैठकीला एकच विषय पुरे: तुमची मोटर दिवसाला किती तास चालते?